अर्धा किलो

बिया नदीच्या काठी, पत्र्याच्या शेडमध्ये
एक वजनकाटा आहे. तो माझा.
म्हणजे कंपनीचा, पण त्याचा स्क्रू
माझ्याच बोटांना ओळखतो.

एझोआ आणि तिचा धाकटा भाऊ न्यामेके,
यांनी बापाच्या चार एकर कोकोत
मधोमध केळीची एक रांग लावली
आणि बोलणं टाकलं.
भांडण जमिनीचं नव्हतं. खताचं होतं.

तो म्हणे, गोणीतलं घालू,
झाडामागे दुधाचा एक डबा, सपाट भरून.
ती म्हणे, फोडलेल्या फळांची टरफलं
तू रानात फेकतोस, ती काळी पडतात, रोग लावतात.
तीच रचू, नीट कुजवू,
वर दोर्माहून कोंबडखताचा ट्रक मागवू.

ट्रक आला. तीन दिवस गावभर वास.
पाद्रीबाबा वेदीवरून काही बोलले नाहीत,
फक्त प्रार्थना लवकर आटोपली.
एझोआने ते खत डोक्यावरून वाहिलं,
टोपलीखाली कापडाची चुंबळ,
चुंबळीखाली मान,
आणि मानेबद्दल ती कधी बोलली नाही.

न्यामेके हसायचा. पहिल्या वर्षी
त्याला हसायचा हक्कही होता:
त्याच्या झाडांना खोडापासून फळं फुटली,
पिवळी, जाड, एकमेकींना ढकलणारी.
तिच्या झाडांना नुसती हिरवी पानं.
त्या हंगामात मी त्याच्या अकरा गोण्या मोजल्या,
तिच्या सहा.

पुढल्या साली हरमाटन उठला तो बसेचना.
धूळ, ओठांना भेगा, विहिरीत चिखल.
न्यामेकेचे दाणे खोडाभोवती तसेच पडून,
सांडलेल्या साखरेसारखे,
आणि पाऊस नाही म्हणून विरघळेनात.
कोवळी पानं कडेने करपली.
एझोआने मला हाक मारली,
कोयत्याने पाचोळा बाजूला केला,
ओल्या मातीतून एक गांडूळ उचललं
आणि तळहातावर धरून दाखवलं,
जसा कुणी शाळेचा दाखला दाखवतं.
मी बघितलं. छान आहे म्हणालो.
मला शेडवर जायचं होतं.

मग दोर्माच्या कोंबड्यांत साथ आली, ट्रक थांबला.
मग गोणीचा भाव दुप्पट झाला.
कोण आधी गेलं केळीपलीकडे, मला ठाऊक नाही.
एवढंच दिसलं, की एझोआच्या बोटांच्या चिरांत
पांढरी खारट पूड होती,
आणि न्यामेकेच्या सदऱ्याला
तोच तो वास, ज्याला तो हसला होता.
अर्धं तिचं, अर्धं त्याचं, एका खड्ड्यात.
यंदा गोण्या आल्या: नऊ आणि नऊ.

काट्यावर शेवटची गोणी चढवून
एझोआ म्हणाली, मला नाही, भावाला:
"पोरा, आपलं एक झाड वर्षाला
सुक्या बिया किती देतं रे?"
"अर्धा किलो. चांगलं असलं तर थोडं जास्त."
"हं," ती म्हणाली,
आणि काट्याकडे बघत राहिली.
स्क्रूकडे नाही. काट्याकडे.

गोणीमागे अर्धाच किलो तर घेतो मी.
मापात पाप, म्हणतात लोक,
पण ते मोठ्या मापांबद्दल असावं,
असं मी बायकोला सांगत आलो.
त्या रात्री पहिल्यांदा किलोंऐवजी झाडं मोजली.
अकरा. सहा. करपलेल्या सालच्या तेरा. या अठरा.
अठ्ठेचाळीस झाडं खाल्ली मी त्या दोघांची,
सावलीसकट, मुळांसकट,
कुठल्या झाडाला कुठलं खत होतं
हेही न विचारता.

आज सकाळी शेड उघडून
स्क्रू उलटा फिरवून पाहिला.
गंज चढलाय.
थोडा फिरला.